चोवीस लाख रेषा

मामा सगळ्यांच्या आधी ऑफिसात येत. खिडक्या उघडत, दिवे लावून बघत, एखादा मिचमिचत असेल तर बदलत, आणि मग पाचही टेबलांपाशी जाऊन एकेका कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवत. आई पोराच्या कपाळावर ठेवते तसा. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तारा, बटणं, पंखे आणि मशीनं यांची देखभाल एवढंच त्यांचं काम. पण एकतीस वर्षं तारांमध्ये काढलेल्या माणसाच्या हाताला अशी एक सवय लागते, आणि मामांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा हातावर जास्त विश्वास होता.

ऑफिस इमारतींचे नकाशे काढणारं. शाळा, वाचनालयं, सभागृहं. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबलचक खोली, तिच्या टोकाला मोठ्या साहेबांची काचेची केबिन. बाहेर चार टेबलं. टपालकाकू पत्रं लिहीत. भाऊ विटा, वाळू आणि सळया किती लागतील ते मांडत. रेघोबा नकाशे काढे. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. आणि सगळ्यांत शेवटी, दाराजवळ, जिथे येणारा-जाणारा हमखास टेबलाला धक्का मारून जातो, तिथे कानताई. इमारत बांधायच्या आधीच तिच्यात आवाज कसा फिरेल हे शोधणं तिचं काम. दीड वर्षापूर्वी आली तेव्हा रेघोबानेच तिचं बारसं केलं होतं.

या ऑफिसात एक रीत होती. नवं मशीन आलं की ते साहेबांच्या टेबलावर जाई. साहेबांचं होतं ते काकूंकडे, काकूंचं भाऊंकडे, भाऊंचं रेघोबाकडे, रेघोबाचं कानताईकडे, आणि कानताईचं माळ्यावर. घरात मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला येतो, अगदी तसं. मामा याला उतरंड म्हणत. ही उतरंड कुणाचं काम किती जड आहे यावर रचलेली नव्हती, कोण किती वर्षं ऑफिसात आहे यावर होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, मामांनाही नाही.

त्या सोमवारी नव्या मशीनचं खोकं येऊन पडलं होतं, म्हणून मामा नेहमीपेक्षा तासभर आधी आले. उन्हाची पहिली तिरीप टेबलांवरून लांब पसरली होती, आणि तिच्यात धुळीचे कण इतके हळू उतरत होते की मामा क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी हात लावायला सुरुवात केली. साहेबांचं गार. काकूंचं गार. भाऊंचं, रेघोबाचं, ओढ्यातल्या दगडांसारखी गार. कानताईच्या मशीनवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा त्यांनी तो मागे घेतला. मशीन फणफणलं होतं. आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.

त्यावर एक चिठ्ठी होती. 'काम चालू आहे, कृपया बंद करू नये.' पण चिठ्ठ्यांचं काय, त्या सगळ्याच मशीनांवर होत्या. काकूंच्या मशीनवर 'हात लावू नये' ही चिठ्ठी तीन वर्षं जुनी होती, आणि रेघोबाच्या 'इथे चहा ठेवू नये' या चिठ्ठीवर कपाचे दोन गोल उमटले होते. मामांना मशीनची दया आली. सगळ्यांत म्हातारं तेच. शनिवार, रविवार एकटंच तळमळत पडलं असेल.

"निज बाबा जरा," मामा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखा हळूहळू मंदावला, एक लांब सुस्कारा सोडून थांबला. मामांना बरं वाटलं. मग त्यांनी उतरंड एकेक पायरी खाली सरकवली. तारा सोडल्या, बांधल्या, पुसल्या. सगळे यायच्या आत पाचही मशीनं नव्या धन्याकडे जाऊन बसली होती.

कानताई आली आणि दारातच थबकली. खांद्यावरची पिशवीही तिने खाली ठेवली नाही.

"मामा, पंख्याचा आवाज येत नाही."

"माझ्याच हाताने निजवलं त्याला. काय ताप होता हो अंगात! आता रेघोबाचं घ्या, त्यापेक्षा धडधाकट आहे."

ती खुर्चीवर बसली. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मामांना सोपं गेलं असतं.

"तो ताप नव्हता मामा," ती म्हणाली. "ते काम करत होतं."

"काम केल्यावर इतकं तापतं? मग बाकीची का नाही तापत?"

तिने नव्या सभागृहाचा नकाशा पसरला आणि मामांना जवळ बोलावलं. हा मंच. या चोवीस रांगा. हे साहेबांचे आठ खांब, चार इकडे, चार तिकडे. मंचावर कुणी बोललं की आवाज चारी दिशांना सुटतो. आपण त्याला रेषा समजू. एक रेषा छताला लागते, तिथून भिंतीला, भिंतीवरून खांबाला, खांबावरून कुणाच्या तरी कानात. दुसरी वेगळ्या वाटेने. अशा चोवीस लाख रेषा सोडायच्या आणि प्रत्येकीचा माग काढायचा, तेव्हा कुठे कळतं की शेवटच्या रांगेत बसलेल्याला बोलणं समजेल की नुसता कोलाहल. मशीन गेल्या बुधवारपासून रेषा सोडत होतं. उद्या संध्याकाळी संपणार होतं.

"आणि मी बंद केलं म्हणून..."

"पुसलं सगळं. पहिल्या रेषेपासून सुरुवात."

"आता किती दिवस?"

"रेघोबाच्या मशीनवर पाच. शनिवार उजाडेल. शुक्रवारी दुपारी नकाशा गवंड्यांकडे जातो, शनिवारी खांबांचे खड्डे. एकदा खड्डे खणले की खांब हलत नाहीत, मामा. मला वाटतं शेवटच्या चार रांगांना काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं? साहेबांना पुरावा लागतो."

"कमी रेषांवर नाही का भागणार?"

"अर्ध्या रेषा म्हणजे भोकं पडलेला आवाज. साहेब म्हणतील, तुझ्याच गणितात भोकं आहेत." ती बोटाने नकाशातल्या शेवटच्या रांगेवरून फिरत राहिली. एका खुर्चीवर बोट थांबलं. "आमच्या शाळेत असाच एक हॉल होता. आमचा वर्ग तिथेच भरायचा. मी मागे, खांबाआड. बाई काय बोलतात ते मला चार वर्षं कळलंच नाही. सगळे हसले की मी हसायचे. मला वाटायचं मी ढ आहे. घरचेही तसंच म्हणायचे. एकदा माझ्या डोळ्यांना चष्मा लागला म्हणून पहिल्या बाकावर बसवलं, तेव्हा कळलं की बाई शब्दांत बोलतात."

मामांनी नकाशाची वर आलेली कड हाताने दाबून धरली.

दुपारी जेवणं झाल्यावर ते वीजपेटीजवळच्या आपल्या स्टुलावर बसले. या वेळी त्यांचा नेहमी डोळा लागे. पण आज झोप नुसती काठावर येऊन बसली, आत येईना. पंख्याचा वारा कागदांच्या कडा उचलत होता आणि ठेवत होता. काकूंची बोटं चालत होती: एक अक्षर, मग विचार, मग दुसरं अक्षर. मामांना एकदम वाटलं की त्या दोन अक्षरांच्या मधे खूप मोठी मोकळी जागा आहे. मैदानासारखी. काकूंच्या समोरचं मशीन त्या मैदानात एकटंच उभं आहे, पुढचं अक्षर क्षितिजावरून कधी येतंय याची वाट बघत. ते येतं, मशीन त्याला जागेवर बसवतं, आणि परत वाट बघत उभं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. अशी चार मशीनं, चार मैदानं, उघड्या डोळ्यांनी निजलेली. म्हणून ती गार होती.

मामा ताडकन उठले.

"ताई, अडाण्याचा एक प्रश्न आहे. ह्या रेषा एकाच मशीनने सोडायला हव्यात का? विहीर उपसायला पाच जण लागले तर पाणी काही वेगळं निघत नाही."

कानताईने मान वर केली. बराच वेळ ती मामांकडे बघत होती, पण मामांना नव्हे, त्यांच्या पाठीमागे कुठेतरी.

"नाही लागत एकाच मशीनने," ती हळूच म्हणाली. "वाटून देता येतील. शेवटी बेरीज करायची. आणि साहेबांचं नवं मशीन तर एकटं हे सगळं एका दिवसात करेल."

"मग अडलंय कुठे?"

"मागणार कोण?"

"ज्याने बंद केलं तो," मामा म्हणाले.

मोठे साहेब नव्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर अडीच ओळी होत्या. सभागृहाच्या उद्घाटनाचं भाषण. सभागृहाचा अजून एक खड्डाही खणलेला नव्हता, पण भाषण चार महिन्यांपासून चालू होतं. मामांनी आपली चूक कबूल केली, रेषांचं सांगितलं, आणि एक दिवसासाठी मशीनची शक्ती उसनी मागितली. तुमचं लिहिणं चालूच राहील, असंही सांगितलं.

"मामा, तुम्हाला कल्पना नाही," साहेब म्हणाले. "जुन्या मशीनवर माझं वाक्य अडायचं. एक ओळ झाली की पुढची यायला अर्धा अर्धा तास. म्हणून तर हे मागवलं. आता यातलीही शक्ती वाटून दिली तर भाषण व्हायचं कधी?"

मामा अडीच ओळींकडे बघत राहिले. ओळ मशीन अडवत नव्हतं, हे सांगायला जीभ रेटेना.

"आणि खांबांचं म्हणाल तर," साहेब पुढे म्हणाले, "खांब नसले की सभागृहाचं गोदाम होतं. मी तीस वर्षं इमारती बांधतोय. ऐकू येतं माणसांना."

मामा बाहेर आले. कानताईने त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"राहू दे मामा."

"राहू कसं द्यायचं? घरात मोठा नाही म्हणाला तर बाकीचे मेलेत का?"

ते काकूंपाशी गेले. साहेबांचं जुनं मशीन आजच त्यांच्याकडे आलं होतं, आणि काकू त्यावर घरून आणलेलं जाळीदार फडकं अंथरण्यात गुंग होत्या.

"काकू, तुमच्या मशीनचा रिकामा वेळ द्या."

"रिकामा वेळ? माझ्याकडे? मामा, सकाळपासून चौथं पत्र आहे हे. पाठ मोडली माझी!"

"तुमची पाठ नको. मशीनचा वेळ म्हणतोय मी."

"आणि पत्रं अडली तर? साहेब मला झाडतील, तुम्हाला नाही."

"अडली तर लगेच काढून घेऊ. कानताईंच्या समोर सांगतो."

काकूंनी नाक मुरडलं, पण मुलगी सकाळपासून तोंड पाडून बसली आहे हे त्यांनाही दिसत होतंच. कानताईने त्यांच्या मशीनवर काहीतरी चढवलं. "हं, लिहा आता." काकूंनी संशयाने एक अक्षर दाबलं. उमटलं. दुसरं दाबलं. एक आख्खी ओळ लिहिली, मग दुसरी, मग मशीनला कोंडीत पकडायचं म्हणून दोन्ही हातांनी धडाधड काहीबाही बडवलं. सगळं जसंच्या तसं उमटलं.

"कधी सुरू करणार तुमच्या रेषा?"

"सुरू होऊन पाच मिनिटं झाली, काकू. चौदाशे सुटल्या."

काकूंनी हात वर उचलले. "अगं बाई! मग इतकी वर्षं माझं जुनं मशीन मेलं करत काय होतं?"

"तुमची वाट बघत होतं," मामा म्हणाले.

काकू यावर हसल्या नाहीत. फडकं थोडं बाजूला सारून त्यांनी मशीनला हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला.

भाऊंनी एका शब्दात हो म्हटलं. ते कुठलीही गोष्ट एकाच शब्दात म्हणत. पेच पडला तो रेघोबाशी.

"देतो की, पण दिवसा नाही," तो म्हणाला. "माझा नकाशा जरा फिरवला तरी ह्याला धाप लागते. काकूंना दोन अक्षरांत युग आहे, मला नाही. संध्याकाळी मी उठलो की सकाळी येईपर्यंत तुमचं."

"बरोबर आहे त्याचं," कानताई म्हणाली. "याला खरंच लागतं."

"ऐका! अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोललं!" रेघोबाने हात जोडले. "साहेबांना ऐकू जाईल असं परत एकदा म्हणा ना, ताई."

त्या संध्याकाळपासून खोली बदलायला लागली. मंगळवारी सकाळी मामांनी हात फिरवला तर चारही मशीनं कोमट होती, नुकत्याच निजून उठलेल्या माणसाच्या अंगासारखी. चार पंखे चार सुरांत घुमत होते. दुपारपर्यंत ते सूर एकमेकांत मिसळले आणि लांबवर कुठेतरी माणसं जमली असावीत असा एक गुंजारव खोलीभर भरून राहिला. सगळे हळू चालायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ दार लावताना कडी हाताने धरून लावू लागले. काकू पत्र संपल्यावर मशीनला धक्का लागू नये म्हणून खुर्ची उचलून मागे घेत.

मामा स्टुलावरून बघत, आणि त्यांना कधी कधी वाटे की सभागृह इथेच उभं राहतंय. काकूंच्या टेबलापासून भाऊंच्या टेबलापर्यंत धूसर अशा खुर्च्यांच्या रांगा लागल्या आहेत. छत उंच उंच गेलं आहे. बारीक चंदेरी रेषा पाण्यातल्या माशांसारख्या सळसळत जातात, भिंतीला लागून वळतात, कपाटावरून, खिडकीवरून, रेघोबाच्या टकलावरून घसरतात आणि मागच्या अंधारात शिरतात. तिथे कुणीतरी बसलेलं आहे. लहान आहे. सगळे हसले की हसतं. रेषा त्याच्यापर्यंत जाते का, ते बघायला मामा मान वाकडी करत, आणि तेवढ्यात कुणीतरी "मामा, तो दिवा मिचमिचतोय" म्हणून हाक मारी.

बुधवारी दुपारी केबिनचं दार उघडलं. साहेब उंबऱ्यात उभे होते.

"हा आवाज कसला येतोय दोन दिवस?"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी काकूच म्हणाल्या, "सभागृहाचा आहे, साहेब. सतरा लाख झाल्या. त्यातल्या नऊ लाख माझ्या." आणि 'माझ्या' म्हणताना त्यांनी पदर सावरला.

"तुमच्या?"

"म्हणजे माझ्या मशीनच्या. हात लावून बघा, कसं ऊब धरून आहे!"

साहेबांनी काकूंच्या मशीनवर हात ठेवला. तेच मशीन सोमवारपर्यंत त्यांचं होतं. मग भाऊंच्या. मग ते केबिनमध्ये परत गेले. काचेतून दिसत होतं: त्यांनी आपल्या नव्या मशीनच्या पाठीवर हात ठेवला, उलटा करून परत ठेवला. तसेच उभे राहिले. लग्नघरात सगळे कामाला जुंपलेले आणि आपल्यालाच कुणी काही सांगत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

पाच मिनिटांनी ते परत बाहेर. "मामा, माझ्या मशीनमध्ये काय कमी आहे?"

"काही नाही साहेब. तुमच्या भाषणाला लागतंय म्हणून..."

"भाषण होईल! एकट्या माझ्याच मशीनला बाजूला का ठेवलंय? लोक काय म्हणतील?"

मामांनी कानताईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"लावते साहेब, आत्ता लावते. पण एक मदत हवी. रेषा झाल्या की त्यांच्यातून कुणाचा तरी आवाज सोडून बघावा लागतो, शांत खोलीत बोललेला. तुम्ही तुमचं भाषण वाचून द्याल? झालंय तेवढंच."

साहेब खुलले. कपाटाच्या खोलीत गाद्यागिरद्यांसारख्या नकाशांच्या गुंडाळ्या रचून त्यांनी स्वतःच भाषण वाचलं. भाषण तोवर सहा ओळींचं झालं होतं. ते त्यांनी तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी जास्त भारदस्त. नव्या मशीनने उरलेल्या सात लाख रेषा संध्याकाळच्या आत सोडल्या, आणि कुणाच्याही कामात केसाचा फरक पडला नाही. साहेबांची सातवी ओळही तेव्हाच आली, हे त्यांनी मामांना हळूच सांगितलं.

गुरुवारी सकाळी कानताईने साहेबांना आपल्या खुर्चीवर बसवलं. दाराजवळच्या त्या धक्क्याच्या खुर्चीवर साहेब पहिल्यांदाच बसत होते. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. बाकीचे भोवती उभे राहिले, पण ऐकत होते एकटे साहेबच. बाकीच्यांना त्यांचा चेहरा वाचण्यावाचून इलाज नव्हता.

"पहिली रांग," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले. ओठांवर हसू आलं. आवाज गोल होऊन येत असावा, कारण त्यांची मान हळूहळू डोलायला लागली.

"दहावी."

मान डोलत राहिली.

"बाविसावी, डावीकडून तिसरी खुर्ची."

मान थांबली. साहेबांनी डोळे उघडले. हेडफोन कानावर दाबले, मग डावी-उजवी बाजू बदलली.

"तार सैल आहे का?"

"नाही साहेब."

"मग हे कोण बोलतंय? उशीत तोंड खुपसून?"

"तुम्हीच."

"माझं दुसरं वाक्य कुठे गेलं? चांगलं होतं ते."

"खांबाला लागलं," कानताई म्हणाली. "तिथून छताला, तिथून मागच्या भिंतीला. पोचलं, पण तोवर तिसरं वाक्य त्याच्या अंगावर पडलं."

रेघोबाने हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं. साहेब चिडले. हेडफोन काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "पण बाविसाव्या रांगेत बसतं कोण? मागच्या खुर्च्या रिकाम्याच असतात."

खोलीत फक्त पंखे ऐकू येत होते. मामांना वाटलं, आता ही पोरगी गप्प बसणार, आणि झालं. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी बसायचे. चार वर्षं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. परत हेडफोन चढवले आणि तीच खुर्ची परत लावायला सांगितली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या दाराकडे बघत ते आपल्याच आवाजातला एक एक शब्द पकडायला धडपडत राहिले, थोडे पुढे झुकून, तोंड किंचित उघडं टाकून. मामांनी असे चेहरे पाहिले होते. ऐकू न येणारा माणूस असाच दिसतो, आणि समोरच्याला वाटतं की हा मंद आहे.

"चार मागचे काढले तर?" साहेबांनी शेवटी विचारलं.

भाऊ पुढे झाले. "तुळया," ते म्हणाले. मग कुणाला कळलं नाही असं पाहून, "जाड कराव्या लागतील. होईल."

"आणि पुढचे चार भिंतीला चिकटवू," रेघोबा म्हणाला. "साहेब, खांबांचे खांब राहतील. गोदाम नाही होणार."

"ताई, किती वेळ लागेल परत बघायला?"

"परत चोवीस लाख. सगळी मशीनं दिली, तुमचंही दिलंत, तर संध्याकाळपर्यंत. रेघोबाला मात्र दिवसभर स्वतःचं लागेल, नवा नकाशा आहे."

"माझं मशीन रेघोबाच्या टेबलावर न्या," साहेब म्हणाले. "त्या मशीनवर त्याला धाप लागणार नाही, आणि उरलेलं तुम्ही घ्या. त्याचं जुनं माझ्याकडे द्या. मामा, करता?"

"आत्ता? पण साहेब, उतरंड..."

"काय?"

"काही नाही," मामा म्हणाले.

पण या वेळी कुठलंही बटण दाबायच्या आधी त्यांनी कानताईला तीनदा विचारलं, आणि चौथ्यांदा विचारल्यावर ती हसली.

एकाच खेपेत जमलं नाही. गुरुवारी संध्याकाळी बाविसावी रांग मोकळी झाली, पण पहिल्या रांगेत एक विचित्र टणत्कार यायला लागला. कानताईने खांब भिंतीत थोडे तिरपे करायला सांगितले, रेघोबाने कपाळाला हात लावला आणि केले, आणि मशीनं परत कामाला लागली. शुक्रवारी सकाळी सगळे वेळेच्या आधी हजर. या खेपेला पहिल्यांदा हेडफोन मिळाले मामांना. चोविसावी रांग, शेवटची खुर्ची. साहेबांचा आवाज बारीक होता, लांबून येत होता, पण एक एक शब्द वेगळा होता, धुऊन वाळत घातल्यासारखा. मामांना सहा ओळींचं ते भाषण विशेष आवडलं नाही. पण समजलं सगळं. साडेअकराला नकाशा गवंड्यांकडे गेला.

शनिवारी कानताई जागा बघायला निघाली तेव्हा मामाही बरोबर गेले. मोठं मोकळं मैदान होतं. पांढऱ्या फक्कीने भिंतींच्या रेघा आखल्या होत्या, आणि खांबांच्या जागी फुल्या. गवंडी दूर, कडेच्या फुल्यांपाशी कुदळी चालवत होते. मैदानाच्या मधे, जिथे साहेबांचे मागचे खांब यायचे होते, तिथे नुसतं गवत होतं आणि वारा ते एका बाजूला निजवत होता.

"तुम्ही मागे जा मामा," कानताई म्हणाली. "चोविसाव्या रांगेत."

मामा पावलं मोजत गेले. खूप लांब निघाली ती रांग. फक्कीच्या शेवटच्या रेघेपाशी पोचून ते गवतात मांडी घालून बसले. पलीकडे, मंचाच्या जागी, ती एवढीशी दिसत होती. तिने तोंडाशी हात नेले आणि काहीतरी म्हटलं. वाऱ्याने ते उचललं आणि भलतीकडेच नेलं. तिने परत म्हटलं. मामांना नुसते तिचे हात दिसले, आणि तिच्यामागचं रिकामं आकाश.

"अगं, भिंती होऊ देत आधी!" मामा ओरडले.

तिने कानामागे हात धरला. तिलाही काही ऐकू गेलं नव्हतं.